दोन डाऊन, नऊ यार्ड आणि आमचा तेरावा

रविवारी, १६ नोव्हेंबर २०२५ ला, ग्रे कप आहे. कॅनेडियन फुटबॉलची फायनल. आमचे सस्कॅचेवान रफरायडर्स विरुद्ध माँट्रियल अल्युएट्स, मैदान विनिपेगचं. बारा वर्षांनी आमची टीम फायनलला पोचली आहे. त्यामुळे सध्या आमच्या रेजायनात, म्हणजे सस्कॅचेवान प्रांताच्या राजधानीत, भेटल्यावर कुणी "कसं काय" विचारत नाही. "तुला काय वाटतं?" असं विचारतात. कशाबद्दल, ते सांगायची गरज नसते.

मला काय वाटतं ते मी गेले चार दिवस ज्याला त्याला सांगत सुटले आहे. आता घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सातारा-कराडच्या माझ्या मंडळींसाठी आधी थोडं. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू छातीशी धरून समोरच्याच्या अंगावर जायचं, तो. अमेरिकेतल्या खेळाचा चुलतभाऊ, पण मैदान त्यांच्यापेक्षा मोठं: ११० यार्ड लांब, ६५ यार्ड रुंद. एका बाजूला अकराऐवजी बारा खेळाडू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला तिथे चार संधी मिळतात, इथे तीनच. संधीला डाऊन म्हणतात. लीगमध्ये टीम मोजून नऊ. एके काळी त्यातल्या दोघींचं नाव रफरायडर्सच होतं, एक आमची आणि एक ओटावाची, आणि १९६६ च्या फायनलला दोघी समोरासमोर आल्या होत्या! आम्ही जिंकलो, २९-१४. आमचा पहिला ग्रे कप तो. त्याआधी किती फायनली हरलो होतो ते विचारू नका.

तर गेल्या रविवारी संध्याकाळी शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये सभा भरली. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण गॅरेजमध्ये हीटर, जुना सोफा आणि हिरव्या रंगाचा फ्रिज असा सरंजाम आहे. शेतावरून त्यांचा मुलगा आला होता. तो मसूर आणि कनोला पिकवतो. (तुमच्या आमटीतली मसूरडाळ त्याच्यासारख्याच कुणाच्या तरी शेतातून आलेली असायची शक्यता बरीच आहे, तेव्हा त्याच्याबद्दल जरा आदराने वाचा.) माझा नवरा, माझा बारा वर्षांचा पोरगा, आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक फिलिपिनो मित्र. हा मित्र आमच्यानंतर पाच वर्षांनी कॅनडात आला, पण टीमची जुनी आकडेवारी त्याला आमच्याहून जास्त पाठ.

विषय एकच: आपली खरी ताकद कोणती?

शेतकरी म्हणाला, "हॅरिस. यात चर्चा कसली?"

ट्रेव्हर हॅरिस म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, आक्रमणाचा डाव चालवणारा आणि पास फेकणारा. वय ३९. या खेळात ३९ म्हणजे आपल्याकडे रणजीतून निवृत्त होऊन कॉमेंट्रीला बसायचं वय. त्याच्याकडे ग्रे कपच्या दोन अंगठ्या आहेत, २०१२ ची टोरोंटोकडून आणि २०१६ ची ओटावाकडून, पण दोन्ही वेळा तो राखीव होता. स्वतः सुरुवातीपासून खेळला ती २०१८ ची फायनल, तीही ओटावाकडूनच, आणि ती कॅलगरीविरुद्ध हरला. पुढे २०२२ मध्ये तो चक्क माँट्रियलचा क्वार्टरबॅक होता. आमच्याकडे २०२३ ला आला आणि त्याच मोसमात पाय मोडून घेऊन बसला. एवढं सगळं झाल्यावर परवा, ८ नोव्हेंबरला, बीसी लायन्सविरुद्ध वेस्टर्न फायनलमध्ये, म्हणजे ग्रे कपच्या आधीच्या फेरीत, ११ सेकंद उरले असताना त्याने टॉमी नील्डला टचडाऊनचा (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवण्याचा) पास दिला आणि आम्ही २४-२१ जिंकलो. माझा नवरा त्या क्षणी स्टेडियममध्ये अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडला. माझ्या बाळंतपणात तो इतका रडला नव्हता.

तेव्हा हॅरिसचं कौतुक मला नाही असं कुणी समजू नये. पण हॅरिस ही आपली ताकद आहे असं म्हणणं म्हणजे वरात छान दिसली म्हणून सगळं श्रेय घोड्याला देणं.

फिलिपिनो मित्राचं मत बचावाच्या बाजूचं. कोरी मेस हा आमचा कोच मूळचा बचावफळीतला खेळाडू, टोरोंटोत बचावाचाच कोच होता, २०२२ चा कप त्या टीमबरोबर जिंकला. तो येण्याआधीच्या दोन्ही मोसमांत आम्ही १८ पैकी सहा-सहा सामने जिंकलो होतो. यंदा १२ जिंकून पश्चिम विभागात पहिले. पोराचं मत रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारे. कीशॉन जॉन्सनची जर्सी अंगात असताना त्याचं दुसरं मत असणार तरी कसं? नवऱ्याचं मत: प्रेक्षक. त्यावर सगळे मिळून हसले, कारण मॅच विनिपेगला आहे.

आता माझं मत. आपली ताकद पहिला डाऊन आहे.

मी हे म्हटलं तेव्हा गॅरेजमध्ये जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा "आमटीत गूळ घालत नाही का?" असं विचारलं होतं तेव्हा पसरली होती तशी. म्हणून नीट सांगते.

कागदावर आपल्याला तीन डाऊन मिळतात. खरं बघितलं तर दोनच. दोघांत काम झालं नाही तर तिसऱ्याला चेंडू लाथ मारून दूर धाडायचा, म्हणजे पंट करायचा. नाहीतर आहे तिथेच तो समोरच्याच्या हातात जातो. म्हणजे दोन डाऊनमध्ये दहा यार्ड. पण इथे कॅनेडियन नियमात एक गंमत आहे. बचाव करणाऱ्यांना चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. तेव्हा तिसऱ्या डाऊनला एकच यार्ड उरला असेल तर पंट करायची गरजच नाही. एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन मुंडी खाली घालतो, मागून बाकीचे रेटतात, आणि तो यार्ड मिळतो. बहुतेक वेळा मिळतोच. आमच्याकडे या कामाला टॉमी स्टीव्हन्स आहे. तोही क्वार्टरबॅकच, पण त्याचं काम मुख्यतः हे. साडेसहा फुटाच्या जवळपास उंची. लग्नात पंगतीला वाढपी कमी पडले की एक काका नेहमी उभे राहतात ना, तसा तो नेमका वेळेला येतो आणि काम करून जातो.

म्हणजे हिशोब झाला दोन डाऊनमध्ये नऊ यार्ड. पहिल्यात पाच आले, तर दुसऱ्यात चार हवेत, आणि चार यार्डांसाठी पास द्यायचा की पळायचं हे समोरच्याला ओळखता येत नाही. पहिल्यात शून्य आले, तर दुसऱ्याला सगळ्या स्टेडियमला, पॉपकॉर्न विकणाऱ्यासकट, ठाऊक असतं की आता पास येणार. मग समोरचे चौघे-पाचजण फक्त हॅरिसच्या अंगावर जायचं काम करतात. ३९ वर्षांचा, पाय मोडून परत आलेला माणूस. तो पळून जाणाऱ्यातला नाही. चेंडू हातात येताच झटकन सोडणारा आहे, आणि झटकन सोडायला समोरचा गोंधळलेला असावा लागतो. तो गोंधळ पहिल्या डाऊनला तयार होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याने आत पाऊल टाकण्याआधीच समोरची साखळी सुटलेली असली तर त्याचं काम अर्धं झालेलं असतं, तसं.

आणि हा पहिला डाऊन कोण कमावतं? ए. जे. उलेट, चेंडू घेऊन पळणारा आमचा गडी. दाढी, केस, आणि सरळ समोरच्याच्या छातीत घुसायची आवड. लांब धाव तो क्वचित काढतो, पण त्याला अडवलं तरी तो पुढच्या दिशेला पडतो, आणि या खेळात पुढे पडणं ही कला आहे. २०२२ चा ग्रे कप इथेच, रेजायनात झाला होता. आम्ही त्यात नव्हतोच. स्वतःच्या घरच्या लग्नात बाहेरून बघणारे. त्यात टोरोंटोकडून विनिपेगला धूळ चारणारा शेवटचा टचडाऊन उलेटनेच केला होता. तेव्हाच आमच्या आजी म्हणाल्या होत्या, हा पोरगा आपल्याकडे हवा. दोन मोसमांनी आला.

त्याच्यापुढे लाईन, म्हणजे समोरच्यांना थोपवणारी भिंत. हे पाच जण टीव्हीवर कधी दिसत नाहीत, त्यांच्या नावाच्या जर्सी पोरं घालत नाहीत. जर्मार्कस हार्डरिक विनिपेगकडून दोन कप जिंकून आमच्याकडे आला आणि आता फायनल खेळायला त्याच मैदानावर परत चालला आहे. मधोमध लोगन फर्लंड. तो मेलफर्टचा, म्हणजे आमच्याच प्रांताचा. विद्यापीठातून नाही आला, रेजायनाच्या ज्युनिअर टीममधून थेट इथे. टीममध्ये सुरुवातीला ठरावीक संख्येने कॅनेडियन खेळवावेच लागतात, त्यामुळे चांगला कॅनेडियन लाईनमन म्हणजे हाताशी असलेली दुभती म्हैस. बाकी जागा अमेरिकन खेळाडूंसाठी मोकळ्या होतात. परवाचा तो विजयी पास झेलणारा नील्डही कॅनेडियन. शेवटच्या ११ सेकंदांबद्दल सगळे बोलतात, पण तिथपर्यंत जाताना हॅरिसला उभं राहायला जागा कुणी करून दिली याबद्दल गॅरेजमध्ये एकानेही तोंड उघडलं नाही. मीच उघडलं.

फिलिपिनो मित्र म्हणाला, मग बचावाचं काय? मी म्हटलं, तोच हिशोब उलटा. मधे मायका जॉन्सनसारखा बैल उभा आहे, तोही तरुण नाही, पण पहिल्या डाऊनला त्याच्या बाजूने पळून जाऊन दाखवा. माँट्रियलचा क्वार्टरबॅक डेव्हिस अलेक्झांडर सुरुवातीपासून खेळला त्या तेरा सामन्यांत एकदाही हरलेला नाही, प्लेऑफचे दोन धरून. तेरा पैकी तेरा. पण त्याच्या मांडीचा स्नायू दुखावलेला आहे. धड पळता येत नसलेल्या क्वार्टरबॅकला दुसऱ्या डाऊनला नऊ-दहा यार्ड हवे असले, तर त्याचं काय होतं ते रविवारी बघू. त्याला पहिल्याच डाऊनला सहा मिळत गेले, तर मात्र आपलं काही खरं नाही. त्यांचा रिसिव्हर टायसन फिलपॉट कुठेही मोकळा सापडतो.

इथपर्यंत सभा माझ्या बाजूने येत चालली होती. शेतकरी तर मान हलवत होता. आणि मग नवऱ्याने, ज्याला कुठे काय बोलू नये हे चौदा वर्षांच्या संसारात मी शिकवू शकले नाही, विचारलं, "पण माँट्रियलच ना?"

संपलं. हीटर चालू असूनही थंडी वाजली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगावं लागेल. २००९ चा ग्रे कप, कॅलगरी. समोर माँट्रियल. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २७-११ ने पुढे. मग ते चढत चढत २७-२५ वर आले. शेवटचा क्षण, माँट्रियलची ४३ यार्डांवरून फील्ड गोलची किक, म्हणजे चेंडू लाथेने गोलपोस्टच्या खांबांमधून धाडायचा. चुकली! आमचे खेळाडू मैदानात धावले, लोकांनी एकमेकांना उचललं. आणि मैदानावर पंचांचं पिवळं फडकं, म्हणजे नियमभंगाची खूण, पडलेलं दिसलं. मैदानात आमचे बारा असायला हवे होते, होते तेरा. दहा यार्डांचा दंड, ३३ वरून परत किक, आत. २८-२७. हरलो.

आता यातला काळा विनोद असा की त्याआधी कितीतरी वर्षं आमचे चाहते स्वतःला "तेरावा खेळाडू" म्हणवून घेत होते. आम्ही २०११ ला इथे आलो. कुणीतरी हौसेने मला सांगितलं की आपण सगळे मिळून टीमचा तेरावा. मी मराठी बाई. मला तेरावा म्हटल्यावर जे आठवलं ते आठवलं. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "हे लोक कुणाचं तेरावं घालतायत?" तेव्हा मला २००९ ची गोष्ट माहीत नव्हती. कळल्यावर वाटलं, शब्द अगदीच काही चुकला नव्हता. आपल्याकडे निदान तेराव्याला गोडाचं जेवण करून माणसं उठतात, दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. इथे सोळा वर्षं झाली, गोडाचं जेवण कुणी केलेलं नाही. २०१३ ला याच शहरात कप जिंकलो, हॅमिल्टनला ४५-२३ ने लोळवलं, कोरी शीट्सने पळून १९७ यार्ड काढले, रात्री दोन वाजता आमच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तरी २००९ पुसलं गेलं नाही. आजींचा मुलगा आजही आपल्याविरुद्ध फील्ड गोल असला की उभा राहून बोट दाखवत मोठ्याने माणसं मोजतो. एक, दोन, तीन. बारापर्यंत. त्याची बायको त्याच्यापासून चार खुर्च्या लांब बसते.

म्हणून मला वाटतं, आमच्याकडे ताकदीची चर्चा म्हणून जे चालतं ती बऱ्याचदा भीतीची यादी असते. हॅरिस चांगला आहे, म्हणजे हॅरिस पडला तर काय. माँट्रियलचा कोच जेसन मास आहे, तो २०२२ पर्यंत आमच्याकडे आक्रमणाचा कोच होता. आम्ही काढला. त्याच वेळी कोडी फजार्डो हा क्वार्टरबॅकही गेला. पुढच्याच वर्षी, २०२३ ला, त्या दोघांनी मिळून माँट्रियलला ग्रे कप जिंकून दिला आणि फजार्डो फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपण भंगारवाल्याला घातलेली पितळेची समई दुसऱ्याच्या देवघरात लखलखताना बघण्यासारखं होतं ते. आणि हाच फजार्डो २०१९ च्या वेस्टर्न फायनलमध्ये शेवटच्या क्षणी विनिपेगविरुद्ध पास टाकतो आणि चेंडू गोलपोस्टच्या आडव्या दांडीवर आपटतो! कॅनडात गोलपोस्ट गोलरेषेवरच असतात, अगदी खेळाच्या मधे, म्हणून हे शक्य.

जाता जाता: सप्टेंबरमध्ये लीगने जाहीर केलंय की २०२७ पासून गोलपोस्ट मागे नेणार आणि मैदान १०० यार्डांचं करणार. मला नाही पटलं. त्या दांडीने आमचं वाटोळं केलं, तरी नाही पटलं. अंगणातल्या आंब्याला डोकं आपटलं म्हणून कुणी आंबा तोडत नाही. आणि मैदान अमेरिकेसारखं करायचं तर आमच्याकडे वेगळं राहिलं काय? तीन डाऊन राहणार म्हणतात, तेवढं समाधान.

नवऱ्याच्या प्रेक्षकांच्या मुद्द्यावर खरं तर मी त्याला फार हसायला नको होतं. विनिपेग म्हणजे आमचा हाडवैरी. दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास लागोपाठ दोन मॅच त्यांच्याशी, एक इथे लेबर डेच्या (इथल्या कामगार दिनाच्या) सुट्टीत आणि एक तिथे. यंदा लेबर डेची मॅच गणपतीतच आली. आमच्याकडे आरतीला आलेली दोन घरं हिरव्या जर्सीत आली होती, आणि मोदकांपेक्षा स्कोअरकडे लक्ष. विनिपेगवाले यंदा माँट्रियलकडूनच पहिल्या फेरीत हरून बाहेर पडले, आणि आता त्यांच्या घरात त्यांचे दोन नावडते पाहुणे कप खेळणार. विनिपेगचे लोक रविवारी माँट्रियलच्या बाजूने ओरडतील, ज्यांनी त्यांना हरवलं त्यांच्याच. शेजाऱ्याचं भलं होऊ नये ही भावना कुठल्या खंडात नाही? पण इथून विनिपेग रस्त्याने पावणेसहाशे किलोमीटर आहे, आणि या प्रांताची लोकसंख्या सगळी मिळून बाराएक लाख. त्यातले निम्मे रविवारी त्या स्टेडियमच्या आसपास असतील असं मला सध्या तरी वाटतंय. कलिंगडं पोखरून डोक्यावर घालणारी माणसं आहेत ही, नोव्हेंबरच्या थंडीत.

आणि ती का जातात तेही सांगते, कारण इथे आल्यावर मला पहिल्यांदा ओळखीचं काही वाटलं असेल तर ते हेच. ही टीम कुणा धनाढ्य माणसाची नाही. प्रांतातल्या लोकांची आहे. वार्षिक सभा होते, हिशोब मांडले जातात, तोटा का झाला म्हणून लोक उठून विचारतात. टीम बुडायला आली तेव्हा लोकांनी पैसे जमवून वाचवलेली आहे. मी सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. कारखान्याच्या सभेत माझे आजोबा चेअरमनच्या नावाने जे बोलायचे, तेच आणि त्याच सुरात आजींचा मुलगा टीमच्या मॅनेजरच्या नावाने बोलतो. कारण कारखाना आपला असतो. दुसऱ्याच्या मालकीच्या गोष्टीवर माणूस इतकं चिडत नाही.

असो. सभा रात्री दहापर्यंत चालली. शेवटी मत घेतलं. हॅरिस दोन, बचाव एक, पहिला डाऊन दोन (मी, आणि फितूर झालेला माझा पोरगा). आजींनी मत दिलं नाही. त्या सगळा वेळ सोफ्यावर विणकाम करत बसल्या होत्या. १९६६ ला त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि आमच्या सगळ्यांच्या मिळून मॅच होणार नाहीत इतक्या त्यांनी बघितल्यात. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, माझी ताकद रविवारी चौथ्या क्वार्टरपर्यंत जागं राहण्यात जाईल, बाकीचं तुम्ही बघा.

शनिवारी पहाटे आम्ही दोन गाड्या घेऊन निघतोय. धपाटे, दही, थर्मासमधला चहा, शेंगदाण्याची चटणी, आणि आजींची सँडविचेस. आज सकाळी त्या कुंपणापाशी आल्या आणि विचारलं, एकूण माणसं किती होतायत? मी म्हटलं, तुमचा मुलगा-सून, त्यांची पोरं, आम्ही तिघं, तो मित्र आणि त्याचं कुटुंब, तुम्ही, बाराएक जण होऊ.

"बाराएक नको," त्या म्हणाल्या. "नीट मोज."